जन्म : रोवणीच्या सुमारास

आष्टीच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा संपून गडचिरोली सुरू होतो, पण एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या काकांना हे विभाजन अजून फारसं मान्य नव्हतं. "एटापल्ली म्हणजे आमच्या चांद्यातलीच," ते म्हणाले. चांद्याचं चंद्रपूर झालं १९६४ साली आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. काकांच्या बोलण्यात यातलं काहीच घडलेलं नव्हतं.

बल्लारपूरला रेल्वेतून उतरून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता धरला होता. आष्टीपासून पुढे एसटीची गाठ खनिजाच्या ट्रकांशी पडते. सूरजागडच्या डोंगरातलं लोखंड घेऊन ते ओळीने येत असतात, आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत रस्त्याकडेच्या सागाची प्रत्येक फांदी तांबडी झालेली असते. खिडकी लावली तर उकाड्याने जीव जातो, उघडली तर धूळ दातांत येते. आलापल्लीचा साग नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून जे सागवान वाजतगाजत निघालं, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं. आलापल्लीजवळ वनखात्याने जंगलाचा एक तुकडा न तोडता राखून ठेवला आहे, त्याला 'वनवैभव' म्हणतात. तिथले साग बघताना मान दुखते. पण तो झाला मिरवायचा तुकडा. आलापल्लीच्या चौकातून एक रस्ता सिरोंच्याकडे जातो, एक भामरागडकडे आणि एक एटापल्लीकडे. शेवटच्या रस्त्याला लागेपर्यंत बसमधली मराठी पातळ होत गेली होती. मागच्या बाकावर माडिया चाललं होतं, पुढे तेलुगू, आणि मुलचेऱ्याकडचे दोघे बंगालीत भाव करत होते, कशाचा ते कळलं नाही.

माझी भाची जर्मनीत आहे. तिथे शाळा संपल्यावर वर्षभर एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून राबायची रीत आहे, तशी ती एका वृद्धाश्रमात राबते. तिचा वाढदिवस तिथे झाला तेव्हा दोन गोष्टी तिला कळल्या. वाढदिवस ज्याचा त्यानेच सगळ्यांसाठी केक आणायचा, आणि आदल्या दिवशी कुणी शुभेच्छा दिल्या तर तो अपशकुन. "मावशी, परदेशात वाढदिवस साजरा करणं हे जरा अवघडच असतं," असं ती मला समजावत होती. मी ठाण्याची, मराठी बोलणारी, महाराष्ट्रातल्याच एका तालुक्याला निघालेली. मला कसलं आलंय अवघड, असं मी तिला सांगितलं.

एटापल्लीतलं काम साधं वाटत होतं. पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं आणि उंची घ्यायची, दंडाचा घेर मोजायचा आणि ज्यांच्या जन्माची नोंद नाही त्यांचे अर्ज भरायला मदत करायची. आम्ही तिघं होतो. चामोर्शीकडची एक निवृत्त परिचारिका, जिला सगळे सिस्टर म्हणत. एटापल्लीतच कॉलेजात शिकणारा एक मुलगा, जो आमचा दुभाषी, वाटाड्या आणि मोटारसायकलचा मालक. आणि मी, जिचं अक्षर बरं आहे. माझ्याकडे रकाने आले. त्यातला तिसरा रकाना वयाचा. गावाचं नाव, आईचं नाव भराभर लिहून होई, वजनकाट्याचा आकडा तर समोरच दिसे. अडायचं ते या तिसऱ्या रकान्यापाशी.

एक जूनला निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो, हा विनोद आपल्याकडे घराघरांत झालेला आहे. शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघत आणि शाळा उघडताना वय भरेल अशी तारीख ठोकून देत. माझ्या सासऱ्यांची अशीच होती आणि त्या तारखेच्या हिशेबाने ते सेवानिवृत्तही झाले. मला वाटायचं ही जुन्या पिढीची गोष्ट. आमच्या दुभाष्याने पहिल्याच दिवशी ते मोडून काढलं. "आमच्या आश्रमशाळेत अर्धा वर्ग एक जुलैचा होता, मॅडम. हजेरीला गुरुजी म्हणत, आज कोणाचा बड्डे नाही ते हात वर करा."

म्हणजे गावांत वाढदिवस पाळत नाहीत असं नाही. पाळतात ते जयंत्यांच्या रूपाने. १२ मार्चला बाबुराव शेडमाकेंचा फोटो निघतो. १८३३ साली जन्मलेला हा जमीनदाराचा मुलगा १८५८ मध्ये इंग्रजांवर उठला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेला. पंचविशीत. १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा. आणि १४ एप्रिलला बाबासाहेब. स्वतःची तारीख ठाऊक नसलेली पोरं या तीन तारखा न चुकता सांगतात.

यातली तिसरी तारीख माझीही आहे. त्यामुळे शाळेत असताना माझ्या वाढदिवसाला कायम सुट्टी असे, वर्गात चॉकलेट वाटायची हौस कधी भागली नाही. आईचा हिशेब तर वेगळाच. तिला १४ एप्रिल हा दाखल्यावरचा मजकूर वाटतो. "रामनवमीला दोन दिवस होते, समोरच्या देवळात पाळणा बांधत होते, आणि आणीबाणी उठून वर्ष झालं होतं," असं ती सांगते. चैत्र शुद्ध सप्तमीला ती फोन करते आणि तारखेला पुन्हा करते, दोन्हीकडून आशीर्वाद पोचलेला बरा म्हणून. वय ज्याने त्याने काढून घ्यावं.

यंदा चौदा तारखेच्या आधीच्या रविवारी हेमलकशाला जाऊन आले. आलापल्लीपर्यंत मागे यायचं आणि तिथून भामरागडच्या रस्त्याने साठेक किलोमीटर. आमट्यांच्या तिथल्या लोकबिरादरी प्रकल्पाबद्दल मराठीत इतकं लिहून झालं आहे की मी भर घालण्यात अर्थ नाही. २३ डिसेंबर १९७३ ही प्रकल्प सुरू झाल्याची तारीख. त्यानंतर तीनच दिवसांनी बाबा आमट्यांचा वाढदिवस, आणि डॉ. प्रकाश आमट्यांचाही तोच, २६ डिसेंबर, चौतीस वर्षांच्या अंतराने. बापलेकांच्या जन्मतारखा इतक्या पक्क्या आणि ज्यांच्यासाठी ते या जंगलात आले त्यांच्या गावी तारीख ही वस्तूच नाही, हा योग मला तिथल्या झाडाखाली बसून चहा पिताना सुचला. दुभाष्याला सांगितला तर तो म्हणाला, "डॉक्टर लोकायले तारीख लागतेच ना जी."

चौदाला सरकारी सुट्टी होती. ग्रामपंचायत बंद, तहसील बंद. सिस्टरने ठरवलं की या दिवशी गावात जाऊन राहिलेली घरं उरकायची, कारण कचेऱ्यांतलं काम तसंही होणार नव्हतं. मोहाचे दिवस होते. मोह पडायला लागला की सबंध गाव पहाटे जंगलात असतं. फूल रात्रीपासून गळायला लागतं आणि उन्हं चढेपर्यंत गळत राहतं. वेचायला उशीर केला तर गुरं, हरणं आणि अस्वलं वाटेकरी होतात. अस्वलाला मोह मनापासून आवडतो, म्हणून अंधारात निघणाऱ्या बायका मोठमोठ्याने बोलत जातात. आम्ही अंगणवाडीच्या ताईंबरोबर गेलो होतो. त्या एटापल्लीकडच्याच, माडिया आणि मराठी दोन्ही घरच्यासारखं बोलणाऱ्या. कुठलं झाड कुणाचं हे ठरलेलं असतं. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली असते, म्हणून काळ्या राखेवर ती पिवळट, रसरशीत फुलं एकेक करून स्पष्ट दिसतात. मी वेचायला बसले. पंधरा मिनिटांत कंबर बोलायला लागली. शेजारची सहा-सात वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी वेचत होती, माझ्या टोपलीकडे बघत होती आणि आईला काहीतरी सांगून हसत होती. मी भाषांतर मागितलं नाही.

वास मात्र सांगायला हवा. गोड, जड, जरासा आंबूस, आणि सगळीकडे. कपड्यांत, केसांत, गावात परतल्यावर अंगणात, कारण तिथे सारवलेल्या जमिनीवर कालचे-परवाचे मोह वाळत पडलेले होते. ताजे पिवळे, कालचे तपकिरी, आठवड्याचे जवळजवळ मनुकांच्या रंगाचे. यातले थोडे घरी दारूला, थोडे खायला, बाकी व्यापाऱ्याला. वर्षभराच्या मीठ-मिरचीची सोय यात असते, मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचा. या दोन हंगामांत गावात कुणाचं बारसं-लग्न विचारायला जाऊ नये, असं ताई म्हणाल्या.

दुपारी ऊन चढल्यावर माणसं घरी आली आणि आमचं काम सुरू झालं. त्या घरात एक आजी, तिची सून आणि सुनेच्या मांडीवर मुलगी. सिस्टरने मुलीला काट्यावर ठेवलं. सहा किलो सातशे. दंडाचा घेर पट्टीच्या हिरव्या भागात, म्हणजे साडेबारा सेंटीमीटरच्या वर, जेमतेम. मी पेन उचललं. वय?

"बारा महिने," आजीचं म्हणणं ताईंनी सांगितलं. "गेल्या मोहात झाली."

सून काहीतरी म्हणाली. ताई थांबल्या. "ही म्हणते, नाही. धानाच्या रोवणीत झाली."

ज्यांनी ही वजनं घेतलेली नाहीत त्यांना हा वाद दोन-तीन महिन्यांचा वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात बारा महिन्यांच्या मुलीचं वजन सात किलोच्या खाली गेलं की ती कमी वजनाची. नऊ महिन्यांच्या मुलीला साडेसहा पुरतात. सहा किलो सातशेची हीच मुलगी आजीच्या हिशेबाने लाल शाईत जात होती आणि आईच्या हिशेबाने काठावर का होईना बाहेर राहत होती. कार्ड नव्हतं. बाळंतपण माहेरी झालेलं, माहेर सीमेपलीकडे छत्तीसगडात, घरीच, रात्री.

मग ताईंनी जे केलं ते मी नीट बघून ठेवलं. त्यांनी महिना विचारलाच नाही. सून माहेरी कधी गेली? आजी म्हणाली, सूरजागडच्या जत्रेच्या आधी. ठाकूरदेवाची ही जत्रा जानेवारीत भरते. मग पोट केवढं होतं? आजीने हाताने दाखवलं, सुनेने तो हात धरून निम्मा आत ढकलला. दोघी हसल्या. माहेरी गेल्यावर मोह वेचलेस का? वेचले. एकटीने की बाळाला बांधून? एकटीने, पोट घेऊन, वाकता येत नव्हतं म्हणून बहीण ओरडायची. तेंदूपत्ता? पुडे बांधायला बसवलं होतं, जंगलात जाऊ दिलं नाही. म्हणजे मेपर्यंत बाळ पोटात. नवरा बघायला कधी आला? इथे इतका वेळ दाराला टेकून गप्प उभा असलेला नवरा बोलला, आणि मराठीत बोलला. "नाला भरून होता, मॅडम. दोनदा जाऊन परत आलो. पाणी उतरल्यावर गेलो, तवा हे एवढीशी होती." त्याने दोन वितींचं अंतर दाखवलं.

आजी जरा वेळ गप्प राहिली. मग तिने हात हलवला, असेल बाई, मी कुठे होते तिथे. ताईंनी वहीत रोवणी लिहिलं आणि मला म्हणाल्या, "पंधरा जुलै टाका." महिना कळला आणि दिवस नाही कळला तर महिन्याचा मधला दिवस धरायचा, ही सर्वेक्षणाची रीतच आहे. अशा कामासाठी स्थानिक घटनांचं कॅलेंडर करा, असं प्रशिक्षणाच्या पुस्तकात छापलेलं असतं. मी ते वाचलंही होतं. पण ताईंच्या डोक्यात ते गाव-गावचं वेगळं तयार होतं. कुठल्या वर्षी कुठला नाला किती दिवस चढला होता, कुठल्या पाड्यावर कोसरीचं पीक कधी कापतात, कुणाच्या घरी कोणता पंडुम, म्हणजे सण, लांबला, सगळं. ताईंना यासाठी वेगळं मानधन मिळत असेल असं मला वाटत नाही.

वजनाच्या तक्त्याला हे चालतं. जन्मदाखल्याला चालत नाही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथेच नोंदवायचा, एकवीस दिवसांत फुकट. उशीर झाला तर परवानगी आणि शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या तारखेला जन्मदाखला हाच पुरावा ठरला. शाळेच्या प्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत. म्हणजे या मुलीसाठी कुठला गुरुजी एक जुलै ठोकून देणार नाही. तिच्या बापाला मात्र पुढची रोवणी यायच्या आत, नाला भरायच्या आत, सीमा ओलांडून सासुरवाडीच्या पंचायतीत जायचं होतं, आणि मधे तेंदूपत्त्याचे दिवस. आम्ही अर्ज भरून दिला, कागद कुठले लागतात ते चिठ्ठीवर लिहून दिलं. तो चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, जातो. कायदा करणाऱ्यांनी तारखेला इतकं महत्त्व दिलं हे बरंच केलं. ती मिळवायला लागणारा दिवसाचा रोज कुणी द्यायचा, याचं कलम मला सापडलं नाही.

निघताना आजीने माझ्याकडे बोट करून काही विचारलं. ताई हसायला लागल्या. "तुमचं वय विचारते. तुमचा आज बड्डे आहे हे पोराने सांगितलं तिला." मी आकडा सांगितला. आजीला आकड्यात रस नव्हता. तुझ्या जन्माच्या वेळी काय चाललं होतं, हे हवं होतं. मी आणीबाणी म्हणून बघितलं. ताईंनी ते भाषांतर करायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. रामनवमीचा पाळणा थोडाफार पोचला. मग आजीने स्वतःच मला आपादमस्तक न्याहाळलं, दातांकडे बघितलं, केसांकडे बघितलं आणि निकाल दिला की मी तिच्या मधल्या मुलाच्या बरोबरीची आहे, तो मला दादा लागतो की धाकटा भाऊ एवढंच ठरायचं राहिलं. हातावर तव्यात भाजलेले मूठभर मोह ठेवले. गोड लागतात, मागून जरा कडवट. ठाण्याच्या माझ्या मैत्रिणींना मी ते मनुके म्हणून खपवू शकले असते.

केकचं सांगायचं राहिलं. भाचीच्या जर्मन शास्त्राप्रमाणे तो मीच आणला होता. एटापल्लीत आता केक मिळतो, डिजिटल फलकावर भाऊंचा वाढदिवसही झळकतो, त्या बाबतीत तालुका मागास म्हणायची सोय नाही. सकाळी अंधारात घेतलेला तो पायनॅपल केक मोटारसायकलवरून आला, दिवसभर अंगणवाडीच्या ओसरीत राहिला आणि बेचाळीस अंशांत त्याचं श्रीखंड झालं. पोरांना काही फरक पडला नाही. ताईंनी पळसाच्या पानांवर चमच्याने वाढला. ज्यांची वजनं आम्ही दुपारपासून चिंतेने लिहीत होतो, त्यांनाच मैदा आणि साखर चारायची, म्हणून सिस्टर कुरकुरल्या, आणि सगळ्यांत मोठा वाटा त्यांनीच घेतला. आजीने क्रीमला बोट लावून चाखलं आणि उरलेलं नातीच्या ओठांना पुसलं. नऊ महिन्यांच्या मुलीला ते द्यावं की नाही यावर मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी एटापल्लीत परतलो तेव्हा मिरवणूक चौकात आली होती. निळे झेंडे, डीजे, पांढरे शर्ट, लेझीम नव्हतं पण नाच होता. नेटवर्क आल्याबरोबर आईचा फोन. कुणाकडून तरी ओवाळून घे म्हणाली. सिस्टरने स्टीलच्या वाटीत वात लावली, सुपारी नव्हती म्हणून रुपयाचं नाणं फिरवलं, आणि बाहेर बाबासाहेबांचा जयजयकार चालू असताना आत माझं औक्षण झालं. दुभाषी उंबऱ्याशी उभा राहून बघत होता.

"आता मीबी करतो माझा बड्डे," तो म्हणाला. "केक आणतो, सप्पायले बोलावतो."

एक जुलैला ना, मी विचारलं.

तो विचारात पडला. एक जुलैला त्याच्या गावचा नाला चढलेला असतो. केक अलीकडे, गाव पलीकडे. आणि खरा दिवस तर त्याची आई कोसरीच्या कापणीतला सांगते. शेवटी त्याने ठरवलं की बोलावणं कोसरीच्या हिशेबाने करायचं आणि स्टेटस एक जुलैला टाकायचा. "कॉलेजातले सगळे त्याच दिवशी टाकतात," तो म्हणाला. "एकट्याने वेगळ्या तारखेला टाकला तर कोणी लाइक नाही करत."